गोट्यांच्या बेटावरची निळी दोरी

आमच्या महाविद्यालयाच्या वनस्पती संग्रहात एक कागद आहे. त्या कागदावर मी आठ वर्षं खोटं बोलत होतो.

मी परभणीच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. मुलं आणि प्राध्यापक रानातून झाडांच्या फांद्या आणत. मी त्या जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वाळवायचो, जाड कागदावर सुईदोऱ्याने टाचायचो आणि उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवायचो. चिठ्ठीवर झाडाचं नाव, ठिकाण, गोळा करणाऱ्याचं नाव, आणि झाड रानात आपोआप उगवलेलं की कुणी लावलेलं, हे लिहायचं. अक्षर माझं. वडील वसमतला एका देवळात पूजा करायचे; एखादा उपचार राहिला की सगळी पूजा पहिल्यापासून. तो किडा माझ्यात चिठ्ठ्यांच्या रूपाने उतरला होता. पोरं मला मागे चिठ्ठीबुवा म्हणत, ते मला ठाऊक होतं.

तर पंच्याण्णव सालच्या जानेवारीत आमच्या विभागप्रमुखांबरोबर मी सेनगावच्या पलीकडे डोंगरात हिंडत होतो. पुढे पैनगंगेला मिळणारी एक छोटी नदी तिथून जाते. नकाशात तिला नाव नाही. एका तांड्याखाली तिच्या पात्राच्या मधोमध नुसत्या गोट्यांचं एक बेट होतं आणि त्यावर कमरेएवढी शेरणीची झुडपं उभी होती. नदीतल्या दगडांतच वाढणारं हे झाड. पानं लांबट, खालून चंदेरी. फांद्या चिवट आणि सगळ्या एकाच बाजूला, वाहत्या पाण्याच्या दिशेला झुकलेल्या. सरांच्या गुडघ्याने असहकार पुकारला होता, मला पोहता येत नाही. काठावर एक बाई धुणं धूत होती. तिने आमची पंचाईत पाहिली, मुकाट्याने पाण्यात उतरली आणि विळ्याने एक फांदी कापून आणून दिली.

सर म्हणाले, "ठिकाण लिहा." मी आजूबाजूला पाहिलं. तांड्याला नावाची पाटी नव्हती, एसटीच्या फलकावर त्याचं नाव नव्हतं. सकाळी चहा साखऱ्याला घेतला होता. मी लिहिलं, 'साखरा, जि. परभणी'. गोळा करणाऱ्याच्या जागी सरांचं नाव. बाईचं नाव विचारायचं सुचलंच नाही.

साखऱ्याहून ती नदी दीड-दोन तासांच्या चालीवर आहे. चार वर्षांनी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, म्हणजे जिल्ह्याचं नावही गेलं. पुढे दोनदा बाहेरून अभ्यासक आले, चिठ्ठी वाचून साखऱ्याला गेले आणि ज्वारी बघून परत आले. मी दोन्ही वेळा गप्प बसलो. दोन हजार तीनच्या ऑगस्टअखेर मी निवृत्त होणार होतो. खोटी चिठ्ठी मागे ठेवून जायचं माझ्या जिवावर आलं. जुलैच्या शेवटी चार दिवसांची रजा टाकली, कपाटातला तो कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला आणि निघालो. संग्रहातला कागद बाहेर न्यायला परवानगी लागते. मी मागितलीच नाही, त्यामुळे ती नाकारायची वेळ कुणावर आली नाही.

साखरा

त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्याखालीच थांबलं होतं. साखऱ्याला उतरलो आणि मुद्दाम त्याच हॉटेलात बसलो. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी. चहा पूर्वीइतकाच गोड होता, भजी पूर्वीपेक्षा तिखट.

"नदीकाठी एक तांडा आहे ना?" मी विचारलं.

"तांडे लई हायेत. नदीचा म्हंता तर धनू नाईकाचा," हॉटेलवाला म्हणाला. "तिकडं काहून?"

"झाड बघायचंय."

त्याने माझ्याकडे, मग समोरच्या कडुनिंबाकडे पाहिलं. "हितं काय झाडाला तोटा हाय व्हय?"

कोपऱ्यातले एक म्हातारबा चहा बशीत ओतता ओतता थांबले. "मागं असेच दोघं जन आले व्हते नदी बघून राहिलो म्हनून. बंधारा बांधून गेले. तुमी त्यातले तर न्हाई?"

नाही म्हणालो. त्यांना पटलेलं दिसलं नाही. मी पिशवी खांद्याला लावली आणि पायवाटेला लागलो.

धनू नाईक तांडा

दुपार कलली तेव्हा तांडा दिसला. पंच्याण्णव साली कुडाची घरं होती, आता बरीचशी पत्र्याची. एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलखाला वळसे घालणारे हे लोक आता तूर आणि सोयाबीन काढतात. आपसात बोलतात ती त्यांची गोरमाटी. माझ्याशी बोलताना मराठी.

पहिल्या घरापाशी विशीतली एक मुलगी ज्वारी पाखडत होती. मी थेट कागदच काढला आणि विचारलं, "हे झाड इथं होतं. कुणाला ठाऊक आहे का?"

तिने कागद नीट पाहिला, चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "ह्याच्यावर साखरा लिवलंय."

"ते चुकलंय," मी म्हणालो. आठ वर्षांत पहिल्यांदा ते मोठ्याने बोललो.

"याडी!" तिने आत हाक मारली. याडी म्हणजे आई. आतून पन्नाशीची एक बाई आली, हात पदराला पुसत. कागद हातात घेतला आणि पानांकडे बघायच्या आधी तिने फांदीचं बूड बघितलं. बुडाशी तिरपा काप होता.

"माझा काप हाय ह्यो," ती म्हणाली. "डावऱ्या हाताचा. समदी अशी कापतेत, मी अशी." तिने हवेतच विळा फिरवून दाखवला. "तुमी त्ये लंगडणाऱ्या सायबासंगट आलते. हातात छत्री व्हती तुमच्या, अन् पावसाचं नाव न्हवतं."

जानेवारीत मी छत्री घेऊन हिंडत होतो, हे खरं आहे. मला कुणी आठ वर्षं लक्षात ठेवलं असेल असं वाटलं नव्हतं, आणि मी तर तिचं नावही विचारलं नव्हतं. लाज वाटली. आता विचारलं. जमनाबाई राठोड. मुलीचं नाव सविता.

जमनाबाईंनी कागद बराच वेळ खाली ठेवला नाही. "वाळली, पन मोडली न्हाई," त्या म्हणाल्या. "गुरुजी, आता ह्ये झाड एवढंच राह्यलंय. तुमच्या कागदावर." मी गुरुजी नाही, साधा सहायक आहे, हे मी दोनदा सांगितलं. उपयोग झाला नाही.

मग जेवताना सगळं कळलं. ज्वारीची गरम बाटी (भाकरीला ते बाटी म्हणतात), अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा आणि फोडलेला कांदा. आमच्या घरी श्रावण तोंडावर आला की कांदा-लसूण बंद होतं. मी दोन कांदे खाल्ले.

श्रावणात तांड्यावर तीज असते. लग्न न झालेल्या मुली दुरड्यांत माती आणि लेंडीखत भरून गहू पेरतात, नऊ दिवस रोज गाणी म्हणत पाणी घालतात. नवव्या दिवशी हिरवेगार कोंब उपटून भावांच्या डोक्यावर खोवतात आणि मातीसकट दुरड्या नदीत सोडतात. तेव्हा मुली गळ्यात पडून रडतात, कारण पुढल्या तीजेला आपल्यातली कोण इथे नसेल ते सगळ्यांना माहीत असतं. मला आमचं नवरात्र आठवलं. आम्हीही घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरतो आणि दसऱ्याला ते कोंब टोपीत खोवतो. फक्त आमच्या घटापाशी कुणी रडत नाही.

या तांड्याची रीत अशी की तीजेची दुरडी बाजारची चालत नाही. नदीतल्या त्या झुडपाच्या ओल्या फांद्या कापायच्या, अकरा जाड काड्या उभ्या रोवायच्या आणि बारीक काड्या त्यांच्यातून विणायच्या. झाडाला त्यांच्यात वेगळं नाव नाही. तीजेचं झाड, बस्स.

"मंग नव्याण्णवच्या उन्हाळ्यात खाली बंधारा झाला," सविता म्हणाली. "बेट पान्यात गेलं. वर गाळ बसला. झाडं दोन वर्षं जगली, मंग काळी पडली."

"मग तीज?"

सविताने आईकडे पाहिलं. शेवटी जमनाबाईच बोलल्या. "एक साल उरल्यासुरल्या काड्यांत भागलं. मागल्या साली प्लॅस्टिकच्या घमेल्यांत केली. घमेल्याला भोक न्हाई. पानी साचलं, गहू सडला. वास सुटला, गुरुजी, तीजेला. पोरी गाणं म्हनून राहिल्या अन् नाकाला पदर." त्यांनी सविताकडे पाहिलं नाही. "हिचं लगीन ठरलंय मार्गशीर्षात. औंदाची तीज हिची शेवटची. हिला सडलेल्या तीजेवर सासरी धाडू काय मी?"

घमेल्याला भोक पाडा, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. देवळातल्या माणसाचा मुलगा आहे, वेळेवर गिळलं. रीत म्हणजे काय आणि ती मोडली की घरात काय वातावरण होतं, ते मला शिकवायला नको होतं.

"खाली कुठंच नाही का झाड?" मी विचारलं.

"बंधाऱ्याच्या खाली आमी जात न्हाई," जमनाबाई म्हणाल्या.

"का?"

"सोडलेल्या दुरड्या तिकडं जात व्हत्या. सोडलेल्या दुरडीकडं वळून बघायचं नसतं. गड्यांना इचारलं तर म्हंतेत झाडोरा हाय. गड्यांना समदाच झाडोरा."

बेट होतं तिथे

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं नदीवर गेलो. मी माझी पानं दाबायची फळी, दोन पट्टे आणि वर्तमानपत्रं घेतली होती. कागद शर्टाच्या आत.

ओळखीचं काही दिसेना. जिथे काळ्याभोर गोट्यांवरून खळखळतं पाणी मला आठवत होतं, तिथे आता संथ, हिरवट पाणी पसरलं होतं. मधे एक चिखलाचा उंचवटा आणि त्यावर बेशरमाची गच्च जाळी. बेशरमाला चिखल दिला की आणखी काही लागत नाही. काठाने गाजरगवत. शेरणीचे चार-पाच काळे खुंट पाण्याबाहेर आलेले होते. मी एक ओढला, तो हातातच आला.

माझी एक जुनी चूक मला तिथे उलगडली. पंच्याण्णव साली मी त्याच फांदीचा एक तुकडा घरी कुंडीत लावला होता. उत्तम माती, शेणखत, दोन वेळा पाणी. तीन आठवड्यांत तो कुजला. मी कुंडीला दोष दिला होता. या झाडाला लाड सोसत नाहीत. त्याला मुळांशी मोकळे दगड हवेत आणि त्यांतून वाहून जाणारं पाणी. दरवर्षी पुराने अंगावरून जायला हवं, वर बसलेला गाळ धुऊन न्यायला हवा. पुरात तगतं म्हणून ते नदीत राहतं असं मी मुलांना सांगायचो. खरं म्हणजे पूर नसला की ते मरतं. बंधाऱ्याने त्याला आराम दिला होता.

हे मी बोलूनही दाखवलं. जमनाबाई म्हणाल्या, "तुमाला ह्ये आत्ता समजलं व्हय?" आणि पुढे चालू लागल्या.

काठाकाठाने बंधाऱ्यापर्यंत आलो. भिंतीला फटी होत्या, त्यांतून पाणी खाली पडत होतं आणि भिंतीखाली मात्र जुनी नदी होती तशीच होती. गोटे, खळखळ, गारगोट्यांचे पांढरे ठिपके. बंधाऱ्याच्या भिंतीवरून पलीकडे जाऊ, तिथून खालचं पात्र दिसेल, असं मी ठरवलं. ठरवलं मीच, घसरलोही मीच. शेवाळावरून पाय सटकला, मी भिंतीवर बसकण मारली, कागद छातीशी घट्ट धरला आणि उजव्या पायातली चप्पल खाली पाण्यात गेली. नवी होती. बाटली तरंगावी तशी डौलाने निघाली.

सविता हसू दाबायचा प्रयत्न करत होती, ते तिला जमलं नाही. "राहू द्या गुरुजी, कुठं जात न्हाई. इथून सुटलेलं समदं वळणावरच्या बेटाला लागतं. मागं आमची बादली तिथंच गावली व्हती. दादानं आनली."

"वळणावर बेट आहे?"

"हाय की. दोन्ही अंगानं पानी हाय, ढोरं जात न्हाईत."

मी जमनाबाईंकडे पाहिलं. त्या खालच्या बाजूला न बघता भिंतीवर उभ्या होत्या. "गुरुजी एका पायानं साखऱ्याला कसे जातील?" त्या शेवटी म्हणाल्या. "चपलीसाठी गेलं तर काय हरकत न्हाई."

वळणावरचं बेट

अर्धा तास लागला, निम्म्या वाटेत माझा अनवाणी पाय मला शिव्या देत होता. वळणावर नदी दुभंगते आणि मधे गोट्यांचं बेट राहतं, शंभरेक पावलं लांब. पाणी गुडघ्याएवढं होतं. सविताने माझा हात धरला आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, गोट्यांच्या बेटावर स्वतःच्या पायांनी गेलो.

जे गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, लांबून असं बेट उजाड दिसतं. नुसते दगड. पण खाली वाकलं की वस्ती दिसते. वरच्या टोकाला, जिथे पाणी येऊन आपटतं, तिथे डोक्याएवढे धोंडे आणि त्यांवर काहीच नाही. जरा मागे, प्रत्येक धोंड्याच्या पाठीशी, ओंजळभर रेती साठलेली आणि त्या ओंजळीत एकेक रोप. भुईरिंगणी, काटे पसरून जमिनीला चिकटलेली. गोखरू. एका ठिकाणी चक्क टोमॅटोचं रोप, तांड्यावरून की कुठल्या गावाकडून आलेलं, त्याला दोन हिरवी फळं. पाण्याच्या कडेने लव्हाळ्याची रांग. बेटाच्या शेपटाला वाळू आणि बारीक माती, तिथे हराळी आणि कास. दोन पावलांवर जमीन बदलते आणि जमिनीबरोबर राहणारं कोण तेही बदलतं. एक टिटवी आमच्या डोक्यावर सारखी ओरडत होती, तिचा या सगळ्यावर हक्क असल्यासारखी.

चप्पल बेटाच्या मधल्या खोलगट भागात अडकली होती. तिथे काय नव्हतं? फुटकी छत्री, नारळाच्या करवंट्या, एक बाहुली, पूजेतला कळकट लाल कपडा. आणि चपलेच्या पुढे तीन पावलांवर शेरणी.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. छातीपर्यंत वाढलेली, तजेलदार, पानांच्या खालची चांदी वाऱ्यावर उलटत होती. सगळ्या फांद्या वाहत्या पाण्याकडे झुकलेल्या. बेटावर दुसरी कुठेच नव्हती, हीच. मी फळी खाली टाकली, कागद काढला, पान पानाशी लावून पाहिलं. तीच.

मग मला ते दिसलं. झुडूप एक नव्हतं. नऊ खोडं होती, बोटाएवढी जाड, आणि ती गोलात उभी होती. कुणी दोरी धरून आखावं तसा गोल, दीड वीत रुंद. दोन जागी खोड नव्हतं, फक्त फट. मी मोजलं. फटी धरून अकरा.

रानात झाड असं उगवत नाही. मी गुडघ्यावर बसलो आणि बुडातली रेती बाजूला केली. खोडांच्या भोवती, एका फांदीतून दुसरीत, एक निळी नायलॉनची दोरी गुंतलेली होती. खोडं जाड होत गेल्याने ती सालीत रुतली होती. खतांच्या पोत्याची दोरी.

मी दोरीवरून बोट फिरवलं. ओल्या काड्या, नऊ दिवस रोज पाणी, मातीत रोवलेल्या. त्या काड्यांना मुळं फुटायचीच. दुरडी नदीत सोडली, ती वाहत इथे आली, गोट्यांत बसली आणि उगवली. तांडा वर्षानुवर्षं नदीभर हे झाड लावत होता आणि मागे वळून न बघायची रीत असल्याने ते कुणालाच माहीत नव्हतं.

हे सगळं मी भडाभडा बोलून टाकलं. सविता डोळे मोठे करून ऐकत होती. मागून आवाज आला नाही म्हणून मी वळलो. जमनाबाईंनी पदर पुढे ओढून तोंड झाकलं होतं आणि त्या आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

"ती ललिताची हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या थोरलीची. तिला मोठी दुरडी पायजे व्हती. काड्या सरल्या, मी वरून पोत्याची दोरी बांधली. लई भांडली ती माझ्यासंगट, निळी दोरी चांगली दिसत न्हाई म्हनून." त्यांनी पदर आणखी पुढे ओढला. "अठ्ठ्याण्णवला. तिची शेवटची तीज."

ललिता लग्न होऊन पुसदकडे गेली आणि तिथून नवऱ्याबरोबर बांधकामावर मुंबईकडे. तीन वर्षांत माहेरी आली नव्हती. आजारी आहे, बरी आहे, मूल झालं, नाही झालं, सगळं कुणा कुणाच्या तोंडून ऐकायचं. हे मला सविताने नंतर सांगितलं. तेव्हा मी फक्त त्या बाईची पाठ बघत होतो आणि मला रडू येत होतं. माझ्या चिठ्ठीतल्या खोटेपणापेक्षा हे फार मोठं होतं.

"याडी, काड्या," सविता हळूच म्हणाली. "अकरा अन् वरच्या. पुरतील."

"न्हाई. नदीला दिलेलं परत घ्यायचं नसतं."

"मंग घमेलं?"

खरं सांगायचं तर माझ्या मनात दुसराच स्वार्थ आला होता. झाड कापलं जाऊ नये. नदीत उरलेलं बहुधा हे शेवटचं, आणि मला एक फांदी हवी होती, फुलोऱ्यासकट, नव्या कागदासाठी. काड्या गेल्या तर फांदी कुठली. मी तोंड उघडणार तेवढ्यात सविताच बोलली.

"याडी, ताईचा फेटिया-घागरा मी घातला, ताईची पुस्तकं मी वाचली, ताईच्या बांगड्या तू मला चढवल्यास. ताईचं समदं मलाच आलं. मंग दुरडी काहून न्हाई? तू सोडली व्हतीस, ताईनं सोडली व्हती. मी कुठं सोडली?"

टिटवी ओरडत होती. नदी दोन्ही बाजूंनी वाहत होती. जमनाबाईंची पाठ जराही हलली नाही. मग त्यांनी कमरेचा विळा काढला आणि न वळता, मागे हात करून, धरला.

"बुडापासून कापू नको," त्या म्हणाल्या. "गुडघाभर ठेव. एकेका खोडावर दोन फांद्या राहू दे. कापलं की जोमानं फुटतं. अन् ती दोरी तोडू नको."

सविताने कापलं. आईने पाठ फिरवून एकेक सूचना दिली आणि मुलीने एकेक पाळली. अकरा जाड, एक भारा बारीक. मोजून निघालं, जास्त एकही नाही. माझी फळी रिकामीच बांधली. कापताना गळलेली दोन पानं तेवढी मी उचलून खिशात ठेवली आणि चप्पल घातली.

परतताना जमनाबाई सगळ्यांत पुढे होत्या. पाण्यात उतरताना त्या एकदा थांबल्या, आणि मला वाटतं, पदराच्या कडेतून त्यांनी मागे पाहिलं. मी ते सविताला सांगितलं नाही.

परभणी

परत आल्यावर जुनी चिठ्ठी मी फाडली नाही. खोटी चिठ्ठी फाडायची नसते, तिच्या शेजारी खरी लावायची असते, असा संग्रहातला नियम आहे आणि तो चांगला आहे. नवी चिठ्ठी लिहिली. ठिकाण, धनू नाईक तांडा, जि. हिंगोली. गोळा करणारी, जमनाबाई राठोड. पुढच्या ओळीला हात अडखळला. रानात आपोआप उगवलेलं की कुणी लावलेलं? पंच्याण्णव साली मी बिनदिक्कत 'रानात' लिहिलं होतं. त्या पहिल्या बेटावरची झाडंही कुणाच्या कुठल्या तीजेची होती, हे आता कोण सांगणार? शेवटी मी लिहिलं, 'नक्की सांगता येत नाही. वळणावरचं झाड लावलेलं. लावणारी, ललिता.' नव्या विभागप्रमुखांनी वाचलं, भुवया उंचावल्या आणि जाऊ दे म्हणाले. निवृत्तीला चार दिवस राहिलेल्या माणसाशी कोण वाद घालणार?

निवृत्त होऊन पंधरवडा झाला तेव्हा एक पोस्टकार्ड आलं. सविताचं अक्षर माझ्यापेक्षा सुबक आहे.

'सा. न. वि. वि. गुरुजी, तीज चांगली झाली. गहू वीतभर आला, सडला नाही. दुरडी बंधाऱ्याच्या खाली नेऊन सोडली. आता सगळ्या जणी तिथेच सोडणार असं तांड्याच्या नाईकांनी ठरवलं. काड्या पुरल्या होत्या, तरी याडीने वरून दोरी बांधलीच. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, निळी ललिताची हाय, तुझी लाल असू दे, मला वळखू आली पायजे.'